पिवळ्या पासाची वर्षं

पार्क उघडायच्या आधी तिथले लोक लाउडस्पीकर तपासायचे. ‘हॅलो, चेक, हॅलो’ एवढं ऐकू आलं की मी ताटावरून उठायचो. हातातली भाकरी तशीच राहायची. आई ओरडायची, “अरे, संपव तरी. पार्क काय पळून जात नाय.” आणि चुलीपाशी बसलेली हिरूआत्या मान वर न करता म्हणायची, “शेतबी पलत नाय असाच वाटलेला आमाला.” त्या बोलण्यात काय होतं ते तेव्हा मला कळायचं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. उंबऱ्याबाहेर पाय पडला की मी धावत सुटायचो. आमचं घर बाळकुमच्या जुन्या गावठाणात, आणि पार्क आमच्याच खाचरांवर उभा राहिलेला. मी जी पायवाट तुडवत जायचो ती एकेकाळी आमच्या शेताचा बांध होती. पुढे तिच्यावर लाल-पिवळ्या फरश्या बसल्या आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचे ससे आले. सशांची तोंडं उघडी असायची, कचरा टाकायला.

मी आता पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, डोंबिवलीत कोपरला राहतो, कल्याणच्या एका ऑफिसात नोकरी करतो. लोक आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगतात तेव्हा मीही पार्काच्या सांगतो. ऐकणाऱ्यांना हेवा वाटतो. ज्या पार्कात पोरं वर्षातून एकदा, बापाच्या मागे लागून, डबे-पिशव्या घेऊन यायची, तिथे मी रोज जायचो. पोहण्याच्या तलावाचा वास, म्हणजे त्या पाण्यातल्या औषधाचा वास, अजूनही कुठे नाकात गेला तर मला एकदम आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरंही काही येतं. ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मित्रांना सांगतो ते फक्त झोपाळ्याच्या जहाजाचं, एकमेकांवर आपटणाऱ्या मोटारींचं, त्या मोटारींच्या वरच्या जाळीतून उडणाऱ्या ठिणग्यांच्या जळक्या वासाचं, आणि भुताच्या घरातला सांगाडा दुपारी जेवणाच्या सुट्टीत कसा खुंटीला लटकून ठेवलेला असायचा त्याचं.

घरात आम्ही चौघं होतो. बाबा, आई, मी आणि बाबांची थोरली बहीण हिरूआत्या. आत्या लग्न होऊन गेली आणि नवरा गेल्यावर लगेच माघारी आली. तिला मूलबाळ नव्हतं. शेतीचं सगळं काम तिच्या हातचं. बाबा नांगर धरायचे, पण कुठल्या खाचरात पाणी किती दिवस ठेवायचं, भाताच्या रोपांचं आवण कधी उपटायचं, हे आत्या ठरवायची. ती गुडघ्यापर्यंत लुगडं नेसायची, बोलायची मोजकं आणि टोचून, आणि माझ्यावर तिचा फार जीव होता. मला ती ‘बाला’ म्हणायची. बाळा नव्हे, बाला. शाळेतली पोरं त्यावरून चिडवायची, म्हणून मी तिला एकदा सांगितलं की मला नरेश म्हण. ती म्हणाली, “नरेश मास्तर म्हनंल. मी कनाला म्हनू?” कनाला, म्हणजे कशाला.

आमच्या शेताला राखणदार होता. खाडीच्या अंगाला शेवटच्या खाचराच्या कोपऱ्यात भेंडीचं जुनं, घेरदार झाड आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक काळा दगड. दिसायला काहीच नव्हतं त्यात, बसलेल्या कुत्र्याएवढा असेल. पण शेत, गोठा, घर आणि घरातली माणसं यांची राखण तो करतो, असं आमच्यात मानतात, आणि म्हणून वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा. त्यालाही राखणच म्हणतात. आमच्या घरातली राखण आत्या द्यायची. खरं तर ते पुरुषाचं काम, पण आजोबांनी मरताना तिला सांगितलं होतं आणि बाबांनी कधी वाद घातला नाही. ज्या वर्षी ती तापाने पडली होती त्या वर्षीही तिला बैलगाडीत घालून नेलं होतं, असं आई सांगायची.

जमीन घ्यायला आलेली माणसं आमच्या ओटीवर बसली तेव्हा मी लहान होतो, पण ती दुपार मला नीट आठवते, कारण त्यांनी माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला होता. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी विकल्या होत्या, नाही म्हटलं असतं तर आमचं शेत मध्ये एकटं राहिलं असतं आणि पाणीही तोडलं असतं, असं बाबांना वाटत होतं. बोलणी झाली. आत्या दाराआडून म्हणाली, “देवाला वाट ठेवाल कं?” त्यातला मोठा माणूस चटकन उठला, हात जोडून म्हणाला, “मावशी, देवाला कोण हात लावणार? आमची पण पोरंबाळं आहेत.” बाबा म्हणाले, कागदावर तेवढं टाका. त्यावर आत्याच भडकली. “देवाचा काम कागदावर लिवतान? वकिलाला विचारून देव ठेवनार तू? नारल फोड नि सबूद घे.” आमच्यात असाच शब्द घेतात. नारळ फुटला, अर्धी वाटी त्यांनी घेतली, अर्धी आम्ही, आणि आत्या निर्धास्त झाली. कागदांवर अंगठे आणि सह्या झाल्या, त्यात देव कुठेच नव्हता. पुढे कित्येक वर्षं बाबा दारूच्या भरात तेवढंच एक वाक्य बोलायचे, “हिरू, मी बोललेलो कागदावर टाका.” आत्या ऐकून घ्यायची.

जमिनी देणाऱ्यांच्या पोरांना पार्काने पास दिले. माझा पिवळ्या रंगाचा, फोटो चिकटवलेला, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. तो मी दोरीने गळ्यात बांधून झोपायचो. गावातली इतर पोरं काही दिवसांनी कंटाळली, मी नाही कंटाळलो. बांधकाम चालू असल्यापासून मी तिथे पडीक होतो. पार्कातला खोटा डोंगर कसा करतात ते मी पाहिलं आहे: लोखंडी सळ्या वाकवायच्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, जाळीवर गोणपाट, गोणपाटावर सिमेंट, आणि मग ब्रशने तपकिरी, काळा, हिरवा रंग. आतून सगळं पोकळ. डोंगराच्या मागच्या बाजूला हात घातला की पालीची अंडी लागायची. तिथे सावंत नावाचे सुपरवायझर होते, सगळी पोरं त्यांना काका म्हणायची. त्यांनी मला कधी हाकललं नाही. उलट बाटलीतलं थंड द्यायचे, आणि जहाज पहिल्यांदा हललं तेव्हा चाचणीसाठी म्हणून मला बसवलं होतं. त्या दिवसाइतका मानाचा दिवस माझ्या आयुष्यात नंतर आला नाही, हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण खरं आहे ते.

तो दगड काढला तेव्हाही मी तिथेच होतो. छोट्या आगगाडीचं स्टेशन बांधायचं होतं. भेंडीचं झाड आधीच गेलं होतं. दोघा मजुरांनी पहारीने दगड उचकटला, शेंदूर बघून ते थांबले आणि सावंतकाकांकडे बघायला लागले. काकांनी चप्पल काढली, नमस्कार केला, चप्पल घातली आणि सांगितलं, “टाका.” स्टेशनच्या जोत्यात भराव चालू होता, त्यात तो गेला. वरून मुरूम पडला. मी हातात बाटली धरून उभा होतो. काका माझ्याजवळ आले. “नरेश, घरी सांगायचं नाही हां. उगाच राडा होणार, गाववाले येणार, पोलीस येणार. मग पार्कच बंद. मग पास काय चाटायचा?” ते हसून म्हणाले. मीही हसलो. त्यांनी मला धमकावलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांनी धमकावलं नव्हतं. मला सांगायचंच नव्हतं.

राखणेचा दिवस आला तेव्हा पार्क सुरू झाला होता आणि मे महिन्याची सुट्टी होती. बाबा म्हणाले, मी त्या गेटात पाय ठेवणार नाही. ते तोवर सगळ्यांवरच रुसले होते. जमिनीच्या पैशांतून घेतलेला टेम्पो माजिवड्याच्या नाक्यावर लावून दिवसभर त्यात बसून राहायचे आणि संध्याकाळी दारूचा वास घेऊन घरी यायचे. म्हणून आत्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. आत्या नवं लुगडं नेसली, टोपलीत नारळ, उदबत्ती, शेंदूर, तेलाची बाटली, आणि कोंबडा. कोंबडा गेटवरच अडला. गेटवरचा पोरगा म्हणाला, “आजी, बाहेरचं खाणं आत अलाऊड नाय.” आत्या त्याला म्हणाली, “मी खानार नाय रं, तो खानार हाय.” मागे रांगेतले लोक हसले. सावंतकाका आले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि नारळ सोडला, कोंबडा ठेवून घेतला. आत्याने कंबरेच्या ओच्यात एक अंडं आणलं होतं, ते तिने कुणाला दाखवलं नाही. असं काही होणार हे तिने धरलंच होतं.

आत गेल्यावर ती थांबली. जिथे खाली खाचरं होती तिथे पुरुषभर भराव पडलेला, आणि सगळीकडे गाणी, किंकाळ्या, साखरेच्या गुलाबी कापसाचा वास. तिने येऊरच्या डोंगराकडे तोंड केलं, मग वळून खाडीची बाजू बघितली, आणि कुणाला काही न विचारता चालायला लागली. गर्दीतून, अनवाणी, तापलेल्या फरशांवरून. मी मागून चाललो होतो. ती सरळ आगगाडीच्या स्टेशनकडे चालली होती. प्लॅटफॉर्मच्या पायरीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाला, हितंच वाटतं मना.” गाडी आत आली, शिट्टी झाली, पोरं उतरली. तिच्या पायाखाली, हातभर खाली, तो दगड होता.

मी म्हणालो, “नाय आत्या. तिकडे हलवलाय. चांगला ठेवलाय.”

तिला मी सिमेंटच्या डोंगराच्या मागे नेलं. तिथे धबधब्याच्या पाण्याचा पंप होता, म्हणून लोक फिरकायचे नाहीत, आणि एका कोपऱ्यात सिमेंटचाच एक सुटा खडक होता, डोंगरातून उरलेला. काळपट रंगाचा. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. “यवरा मोठा नव्हता,” ती म्हणाली. मी म्हणालो, “खाली जमिनीत होता ना अर्धा. आता सगळा वर काढलाय.” हे मला कुठून सुचलं ते मला माहीत नाही. ती वाकली, पदराने खडक पुसला, तेल लावलं, शेंदूर लावला. सिमेंटवर शेंदूर धरेना, ओघळला. तिने पुन्हा लावला. मग नारळ फोडायचा होता. देवावर फोडत नाहीत, शेजारच्या दगडावर फोडतात, पण शेजारी दगड नव्हता. मी तो तिच्या हातातून घेतला आणि फरशीच्या कडेवर फोडला. खडकाला जोरात काही लागलं असतं तर तो डब्यासारखा वाजला असता, हे मला ठाऊक होतं. तिने अंडं ठेवलं, हात जोडले आणि मोठ्याने बोलली, जसं शेतात बोलायची: “बाबा, तुजी जागा बदलली, आमचा काय चालला नाय. माज्या भावाला सांबाल. त्याची दारू सोरव. माज्या बालाला सांबाल.” पंपाचा आवाज चालू होता. मग ती म्हणाली, “जा, तू खेल आता.” आणि मी गेलो. जहाजात बसलो. त्या दिवशी मी जहाजात किती वेळा बसलो याला हिशोब नाही.

त्यानंतर दर वर्षी आम्ही त्या सिमेंटच्या खडकाला राखण दिली. पार्कवाले दिवाळीच्या आधी रंग द्यायचे, त्यात शेंदूर झाकला जायचा, पुढच्या मे महिन्यात आत्या पुन्हा लावायची. एकदा तर चुकून मागे आलेल्या बायकांनी शेंदूर बघून त्याला हात जोडलेले मी पाहिले. मला हसू आलं. अगदी खरं सांगायचं तर त्या वर्षांमध्ये मला त्याचं ओझं वाटत नव्हतं. पोरांना वाटतही नसेल. ओझं नंतर येतं, आणि आलं की मागची सगळी वर्षं एकदम अंगावर येतात.

बाबांची दारू सुटली नाही. मी कॉलेजात जायला लागलो तोवर त्यांचं पोट फुगलं होतं आणि डोळे पिवळे झाले होते. ठाण्याच्या इस्पितळात त्यांच्या खाटेशी आई रात्रभर आणि आत्या दिवसभर बसायची. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो तर आत्या मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे बाकावर बसून, माझा हात धरून, तिने विचारलं, “बाला, यक सांग. देव तोच हाय ना? पार्कवाल्यांनी बदलला तं नाय ना?”

मी तेव्हा लहान नव्हतो. पास कधीच बंद झाला होता, राखणेचा दिवस सोडला तर पार्कात मी जातही नव्हतो. सावंतकाका नोकरी सोडून गेले होते. मला कुणाची भीती नव्हती. तरी मी म्हणालो, “तोच आहे, आत्या.” कारण आता सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.

तिने माझा हात सोडला. “मंग माजाच कायतरी चुकला,” ती म्हणाली. “कोंबरा नाय दिला. अंड्यावर भागवला. त्याला रागच आयला असंल.” आणि त्याच बाकावर बसून, भाऊ वाचावा म्हणून नवस बोलून, तिने मासळी सोडली. आमच्या घरात मासळी सोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी रोज मासळी शिजत नाही त्यांना सांगून कळणार नाही. बाबा वाचले नाहीत. तिने नवस मागे घेतला नाही. उलट तिला वाटलं, नवस बोलायला आपणच उशीर केला.

पुढे आम्ही गावठाणातलं घर सोडून कोपरला आलो. माझं लग्न झालं, मुलगी झाली. आत्या रोज सकाळी बाजारात जायची, कोळिणीशी भांडून मासळी आणायची, कारण माझ्या बायकोला ती पारखता येत नाही असं तिचं ठाम मत होतं. साफ करायची, कालवण करायची, चव न घेता मीठ टाकायची आणि ते कधी चुकायचं नाही. मग आमच्या ताटात वाढून स्वतः वरणभाकरी घेऊन बसायची. मी जेवायचो. काटे काढून चांगला मऊ तुकडा मुलीला द्यायचो आणि जेवायचो. बायको म्हणायची, “आत्या, इतकी वर्षं झाली, आता खा ना.” आत्या म्हणायची, “तुमी खा. माज्या वाटनीचा देवाकडं हाय.”

मागच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला लागली. पार्क कधीच पाडला गेला होता, तिथे आता उंच इमारती आहेत. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो, आई, बायको आणि मुलगी कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या. मी तिच्या खाटेजवळ खुर्ची घेतली आणि सगळं सांगितलं. मजूर, पहार, सावंतकाका, स्टेशनचं जोतं, जाळी आणि गोणपाट. इस्पितळातल्या बाकावरचंही सांगितलं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो. ती छताकडे बघत ऐकत होती. मी रडत होतो. तिने मला उगी म्हटलं नाही.

ती म्हणाली, “मी तितंच उभी होती?”

“हो.”

“मना वाटलाच होता.” मग म्हणाली, “कनाला केलास रं?”

उत्तर द्यायला माझ्याकडे चांगली चांगली वाक्यं होती. मी लहान होतो, घाबरलो होतो, तुला वाईट वाटलं असतं. ती सगळी मी इतक्या वर्षांत तयार करून ठेवली होती. पण तिच्या तोंडाकडे बघून ती बोलता येईनात.

“पास गेला असता,” मी म्हणालो.

तिने मान माझ्याकडे वळवली. माझ्या आयुष्यात माझ्याकडे असं कुणी बघितलेलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. बाजारात मासा हातात घेऊन कल्ला उघडून बघायची, तसं ती बघत होती.

“मंग मजा तरी आयली कं तुला?”

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि कदाचित तेव्हा खोटं बोलणंच बरं होतं. मला आजही कळत नाही.

“आली,” मी म्हणालो. “खूप आली.”

“मंग झाला तं,” आत्या म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं. “कोनाला तरी पावला.”